पैठणी नेसून ऐकलेली हॅलोविनची मैफल

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि चहाचा कप खाली ठेवा. मागे एकदा हे सांगताना आमच्या मंडळातल्या एका काकूंच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्याच डोक्यावर फुटलं!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अमेरिकेत पार्सिपनीला राहायचो. हे इंजिनियर, मुलगी शिल्पा नववीत, आणि मी? मी समीक्षक! हो, हो, समीक्षक. नागपूरला गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, कान तयार, जीभ त्याहून तयार. इकडे कोणाच्याही बेसमेंटमध्ये कोणी पेटी उघडली की मंडळाच्या पुढच्या अंकात माझं परखड मत छापून यायचं. लोक वचकून असायचे. एका डॉक्टरांनी तर माझा लेख वाचून गाणं सोडलं. सगळ्यांनी मला मनातल्या मनात दुवा दिला असणार.

तर आमची शेजारीण कॅरल. गावात एक फुकट साप्ताहिक निघायचं, त्याची ती संपादक. ऑक्टोबरात एक दिवस कुंपणापाशी आली.

"शायला, तू म्युझिक क्रिटिक आहेस ना?"

माझं नाव शैला. पण ते जाऊ दे. या प्रश्नाला 'हो, पण...' असं उत्तर द्यायला हवं होतं. मी नुसतं 'हो' म्हटलं. 'पण' पोटातच राहिला.

"हॅलोविनला कॉलेजच्या हॉलमध्ये एका बँडचा शो आहे. आमचा नेहमीचा माणूस फ्लूने आडवा झालाय. तू रिव्ह्यू करशील? साँग बाय साँग हवाय. प्रत्येक गाण्यावर चार ओळी."

"कसलं म्युझिक वाजवतात?"

"दे जॅम. म्हणजे स्टेजवर सुचेल तसं वाजवत जातात, वाढवत नेतात."

"अगं, मग आमच्यासारखंच की!" मी म्हटलं. "काळजीच सोड."

शिल्पाला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "आई, नो! प्लीज, नो! यू डोन्ट इव्हन नो द बँड!"

"बँड कशाला ओळखायचाय? सूर ओळखता आला की झालं."

"ओ माय गॉड," असं म्हणून ती जेनिफर नावाच्या मैत्रिणीकडे निघून गेली.

मैफलीला जायचं म्हणजे नीट जायला हवं. मी लग्नातली पैठणी काढली, नथ घातली, अंबाडा, वर गजरा. खोटा, पण गजरा. यांना सूट घालायला लावला. हे दाराशीच कुरकुरायला लागले, "शैला, उद्या माझी सकाळी मीटिंग आहे. लवकर निघायचं."

दारावर तिकिटं बघायला एक व्हॅम्पायर उभा होता. मला बघून त्याने सुळे विचकले.

"वॉव! ग्रेट कॉश्च्यूम! तुम्ही कोण झालाय?"

"मी प्रेस आहे," मी ताठ मानेनं म्हटलं.

"आणि सर, तुम्ही?"

"इंजिनियर," हे म्हणाले.

"स्केअरी!" व्हॅम्पायर म्हणाला आणि आम्हाला आत सोडलं.

आत म्हणजे काय सांगू! भुतं, चेटकिणी, सांगाडे, एक चालता-बोलता भोपळा. बसायला खुर्च्या होत्या, पण बसलं कोणीच नव्हतं. आम्ही पहिल्या रांगेत बसलो. माझ्या शेजारी एक धिप्पाड दाढीवाला माणूस नर्सच्या पांढऱ्या झग्यात उभा होता. डोक्यावर टोपी, गळ्यात स्टेथोस्कोप. चेहरा मात्र भला वाटला. म्हटलं, याला धरून ठेवावं, गाण्यांची नावं हा सांगेल.

पडदा वर गेला. स्टेजवर धूर. धुरात चार-पाच जण, सगळे ममी होऊन, पांढऱ्या चिंध्या गुंडाळून. त्यांनी वाजवायला सुरुवात केली आणि मी पेन उघडलं. गाण्याचं पहिलं कडवं कळलं, नावही कळलं, कारण तेच सारखं म्हणत होते. चंद्रावर काहीतरी होतं. ठीक. लिहिलं.

मग कडवी संपली. गिटारवाल्याने डोळे मिटले आणि तो निघाला. कुठे निघाला? त्यालाच ठाऊक! वाजवतोय, वाजवतोय, वाजवतोय. अहो, आमच्याकडे विस्तार असतो, पण त्याला काही दिशा? हा माणूस गुरासारखा मोकाट सुटलेला! मध्येच सगळं हळू झालं, ड्रमवाला नुसता खुळखुळ करायला लागला. म्हटलं, संपलं गाणं. मी उठून उभी राहिले आणि जोरात टाळ्या वाजवल्या. "वा! वा! क्या बात है!"

माझं बघून मागच्या चेटकिणींनी टाळ्या वाजवल्या, मग भोपळ्याने, मग सगळ्या हॉलने. स्टेजवरच्या ममींनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा सुरुवात केली.

म्हणजे दुसरं गाणं. मी नर्सच्या कानाशी जाऊन ओरडले, "व्हॉट इज धिस साँग?"

तो ओरडला, "स्टिल द सेम वन!"

बरं नाव होतं. मी लिहिलं. 'स्टिल द सेम वन'. प्रेमाची निष्ठा वगैरे असणार. चाल पहिल्या गाण्यासारखीच वाटली, तीही नोंद केली.

पुन्हा हळू. पुन्हा मी उठले, पुन्हा टाळ्या. पुन्हा ममी बिचकल्या. आता त्यांनी असं काही सुरू केलं की ढोलाचा आणि गिटारचा घटस्फोट झाल्यासारखं वाटावं.

"आणि हे कुठलं?"

नर्सने खांदे उडवले. "बीट्स मी!"

'बीट्स मी'! मला मारतो! बाई गं, म्हटलं, या गोंधळात एवढा गंभीर विषय! नवऱ्याच्या मारहाणीवर गाणं! माझं मन एकदम हेलावलं. मी यांच्याकडे पाहिलं. हे सूट घालून, हनुवटी छातीला टेकवून, गाढ झोपलेले. एवढ्या आवाजात! हा माणूस घरी मिक्सर लावला तर ओरडतो!

चौथ्या गाण्याला विचारलं तेव्हा नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "हँग इन देअर!" मी लिहिलं. फासावर लटकण्याचं गाणं, हॅलोविनला अगदी साजेसं. पाचव्या गाण्याला विचारलं तर त्याने डोळे फिरवले, "डोन्ट आस्क!" हे मला सगळ्यांत आवडलं. विचारू नको! केवढं तत्त्वज्ञान! आपल्या संतांनीही याहून वेगळं काय सांगितलं?

मग एकदाची ममींनी वाद्यं ठेवली. दिवे मंद झाले. नर्स कुठेतरी निघून गेला. आणि त्या धुरातून एक सूर ऐकू यायला लागला. नुसता एक सूर. अखंड, स्थिर, गंभीर, जुळवलेल्या तंबोऱ्यासारखा. एवढ्या त्रासानंतर माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! लोक खुशाल गप्पा मारत होते, पेप्सी पीत होते. म्हटलं, अडाणी कुठले! सगळ्यांत अवघड चीज ऐकवताहेत आणि यांचं लक्ष नाही! मी डोळे मिटून ऐकत राहिले. मग हे जागे झाले, "संपलं ना? चल, मीटिंग आहे." आम्ही निघालो.

घरी येऊन रिव्ह्यू लिहिला. डिक्शनरी घेऊन लिहिला! गाण्यागणिक. 'बीट्स मी'मधल्या स्त्रीच्या वेदनेवर खास परिच्छेद. 'गायकाने शब्दच गायले नाहीत, कारण त्या बिचारीला बोलायची चोरी आहे,' हे माझं निरीक्षण. 'बाकी वादकांना रियाजाची नितांत गरज आहे, परंतु शेवटच्या निनावी रचनेत एकाच सुरावर जी पकड दिसली ती थोर कलावंतांना शोभेल,' असा समारोप. कॅरलला त्या बँडमधलं ओ की ठो कळत नव्हतं. तिने जसंच्या तसं छापलं. माझ्या नावासकट!

आता पुढे ऐका. यांनी ऑफिसच्या मशिनवर त्या लेखाच्या भरमसाट झेरॉक्स काढल्या. नागपूरला, पुण्याला, यांच्या बहिणीला, माझ्या गाण्याच्या बाईंना, सगळ्यांना पाकिटं रवाना! त्याच शनिवारी मंडळाची दिवाळी होती. अध्यक्ष गोखले काका माईकवरून म्हणाले, "अमेरिकन वृत्तपत्राने अमेरिकन संगीतावर आपल्या शैलाताईंचं मत मागवलं! ही आपल्या सगळ्यांच्या अभिमानाची गोष्ट आहे!" शाल दिली, नारळ दिला. मीही बोलले. थोडं बोलायला सांगितलं होतं, बरंच बोलले. सूर जगात सगळीकडे एकच असतो, वगैरे वगैरे.

बोलताना दिसत होतं की मागच्या भिंतीशी मंडळातली सगळी कार्टी घोळका करून तो लेख वाचताहेत. म्हटलं, बघा, मुलांनाही किती गोडी लागली! काही तर जमिनीवर लोळत होती.

गाडीत बसलो. शाल माझ्या खांद्यावर, नारळ मांडीवर. मागून शिल्पा म्हणाली, "आई, 'बीट्स मी' इज नॉट अ साँग."

"म्हणजे?"

"इट मीन्स आय डोन्ट नो. मला माहीत नाही! तो माणूस तुला सांगत होता की त्याला माहीत नाही!"

"आणि 'हँग इन देअर'?"

"म्हणजे जरा धीर धर."

"'डोन्ट आस्क'?"

"आई... डोन्ट आस्क."

"अगं, पण मग 'स्टिल द सेम वन'?"

"तेच गाणं चालू आहे अजून! जेनिफरचा ब्रदर होता तिथे. आई, दे प्लेड वन साँग. वन! तुम्ही जे ऐकलं ते सगळं एकच गाणं होतं!"

आणि मग आमचे हे, ज्यांनी ते सगळं गाणं झोपून काढलं, ते काय म्हणाले? "मला तेव्हाच शंका आली होती."

नारळ हातात होता, पण चालत्या गाडीत नवऱ्यावर नारळ फोडता येत नाही. मुलगी मागे बसलेली असते.

सोमवारपासून फोन सुरू झाले. त्या बँडचे भक्त असतात म्हणे, प्रत्येक शोच्या कॅसेटी जमवतात. "मॅडम, आम्ही वर्षानुवर्षं त्यांना ऐकतोय, पण 'हँग इन देअर' कधी ऐकलं नाही. तुमच्याकडे टेप आहे का?" एक जण तर दारातच आला, हातात कॅसेटींचं खोकं घेऊन. अदलाबदली करायला! त्याला खरं सांगायची मला लाज वाटली. पोहे दिले आणि पाठवला. त्याने जाऊन बाकीच्यांना सांगितलं की बाईकडे टेप आहे, पण देत नाही. पुढचे आठ दिवस मी पोहेच करत होते!

आणि मग आला तो फोन. "हाय, मी रिक. बँडचा गिटारिस्ट."

म्हटलं, आता हा कोर्टात खेचतो. मी घाईघाईने सॉरी म्हणायला लागले, पण तो अगदी गोड बोलत होता.

"नो नो, मॅडम. वी लव्ह्ड इट! फक्त एक सांगायचं होतं. तुम्ही ज्या शेवटच्या रचनेचं एवढं कौतुक केलंय ना..."

"हो, ती फारच सुंदर होती," मी म्हटलं. निदान तिथे तरी माझा कान चुकला नव्हता!

"तेव्हा इंटरमिशन होतं. आम्ही आत पिझ्झा खात होतो. आमचा अँप्लिफायर खराब झालाय, तुम्ही ऐकली ती त्याची घरघर होती."

मी फोनच्या तारेशी खेळत उभी राहिले. दुसरं करणार तरी काय?

"मॅडम, आर यू देअर? ऐका ना, तुमच्यासाठी दोन फ्री पास पाठवतोय. पहिल्या रांगेचे."

काय मन असतं माणसाचं! एवढं झालं तरी मला बरं वाटलं. म्हटलं, कलावंत मोठ्या मनाचा निघाला. चूक पोटात घालून पुन्हा बोलावतोय. "थँक यू, रिक! नक्की येऊ. कधी आहे तुमचा शो?"

"आमचा नाही हो," तो घाबरून म्हणाला. "पलीकडच्या गावात एक बँड आहे. आमचं आणि त्यांचं अजिबात पटत नाही. प्लीज, त्यांचा रिव्ह्यू करा. साँग बाय साँग!"