जांगड आणलेले तीन हेडफोन

शास्त्रीय गाणं आणि सतार-बासरी ऐकायला कोणता हेडफोन घ्यावा, असं विचारून तू मला अकरा हेडफोनांची यादी पाठवली आहेस. प्रत्येकापुढे लोकांनी दिलेले तारेही आहेत. खाली तुझ्या धाकट्या बहिणीने लिहिलं आहे, "आजीला काय कळणार त्यातलं!" हे उत्तर तिलाही वाचून दाखव. मी आयुष्यात हेडफोन एकदाच निवडला. तिनांतून निवडला, आणि पहिल्या खेपेला साफ चुकले. दुसऱ्या खेपेला मात्र असा निवडला की अजून आठवलं की मान ताठ होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही तेव्हा सुरतेत उधन्याच्या बाजूला राहत होतो. तुमचे आजोबा बँकेत होते, मी शाळेत इंग्रजी शिकवत असे आणि घर चालवत होत्या माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबांची आजी. लग्नाआधी त्या सांगलीला बारा वर्षं गाणं शिकल्या होत्या. मैफल कधी केली नाही. त्यांच्या घरात ते चालण्यासारखं नव्हतं. पण रोज दुपारी, मुलं शाळेतून यायच्या आत, त्या रेकॉर्ड लावायच्या, गवयाच्या पट्टीत आपला तंबोरा लावायच्या आणि त्याच्या मागे हलकेच सूर धरायच्या. तो अर्धा तास त्यांचा. त्या वेळी दार वाजलं तरी त्या उठत नसत.

मग शेजारच्या मोकळ्या जागेत खातं उभं राहिलं. यंत्रमागांच्या शेडला सुरतेत खातं म्हणतात. चोवीस माग, पत्र्याचं छप्पर, आणि आमच्या भिंतीपासून अंतर चार हात. आडवा धागा नेणारा धोटा या टोकावरून त्या टोकावर आपटायचा, त्याची खटखट दिवसभर चाले. पहिल्या आठवड्यात आम्ही ओरडून बोलायला शिकलो, दुसऱ्यात हातवारे करायला. आठवड्यातला एक दिवस माग बंद असत, कारण त्या दिवशी आमच्या भागातली वीजच बंद ठेवत. म्हणजे ज्या दिवशी शांतता, त्याच दिवशी रेकॉर्ड-प्लेअर मुका.

"दात आहेत तर चणे नाहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि तंबोऱ्यावर गवसणी चढवून त्यांनी तो कोपऱ्यात उभा केला. पुढे वर्षभर त्यांनी त्या गवसणीला हात लावला नाही. तक्रारही केली नाही. फक्त एके दिवशी मी शाळेतून आले तर माळ्यावरची ट्रंक खाली उतरलेली.

"मी सांगलीला जाते, भावाकडे. मे महिन्यात येतोय तो न्यायला."

"किती दिवस?" मी विचारलं.

"दिवस मोजून नाही जात गं मी," त्या म्हणाल्या आणि लुगड्याची घडी ट्रंकेत ठेवली.

लग्नानंतर मला एम. ए.ला बसवलं ते या बाईंनी. परीक्षेच्या दिवसांत मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. शेजारणी काही बोलल्या तर "माझी सून आहे, माझं मी बघेन" म्हणून त्यांना वाटेला लावलं. त्या गेल्या तर मुलांना कोण बघेल हा प्रश्न होताच, पण खरं सांगायचं तर मला त्या घरात हव्या होत्या. माझ्या हातात तीन आठवडे होते.

शिक्षकांच्या खोलीत एका इंग्रजी मासिकात मी हेडफोनचं चित्र पाहिलं होतं. घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले.

"आईच्या डोक्यावर टेलिफोन एक्स्चेंज बसवणार?"

"बसवणार."

"ती बसवून घेईल?"

"ते माझ्याकडे लागलं."

स्टेशनच्या रस्त्यावर रेडिओचं एक मोठं दुकान होतं. मी शनिवारी शाळा सुटल्यावर तिथे गेले, माझ्या सवयीप्रमाणे वहीत रकाने आखून. तंबोरा, गळा, तबल्याचा डग्गा, वजन, असे रकाने. प्रत्येकाला दहापैकी गुण. बरोबर आमची रेकॉर्ड घेतली होती. तिच्या सुरुवातीला गवई तोंड उघडायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो, तेवढ्यासाठी.

दुकानदारकाकांकडे तीन हेडफोन होते. त्यांनी माझी रेकॉर्ड बाजूला ठेवली आणि सिनेमातलं एक दणदणीत गाणं लावलं.

"आ सांभळो, बेन! धडाम धडाम!"

"काका, मला धडाम नको. मला तंबोरा ऐकायचा आहे."

"तंबूरो?" त्यात काय ऐकायचं, याचं त्यांना खरंच नवल वाटलं. "एमां शुं सांभळवानुं? ए तो एकनुं एक!"

मी म्हटलं, तुम्ही लावा तर खरं. त्यांनी रस्त्याच्या गोंगाटासाठी काचेचं दार लावून घेतलं आणि मी एकेक हेडफोन कानाला लावला. पहिला लष्कराच्या जुन्या मालातला, काळा, कातडी पट्ट्याचा. त्यात गवई टेलिफोनवरून गात होता आणि तबला पत्र्याचा होता. दुसरा जाड, बंद, कानावर उलट्या वाट्या बसवाव्यात तसा. आवाज बरा, पण जड, आणि कान तापणारा. तिसरा परदेशी, पिवळ्या स्पंजाचा, पिसासारखा हलका. त्यात तंबोरा असा मोकळा झंकारला की मी डोळे मिटले. नऊ गुण. काका म्हणाले, "आवो अवाज आखा सुरतमां नी मले." अख्ख्या सुरतेत असा आवाज मिळणार नाही, हे मला पटलं आणि मी तो विकत घेतला. त्यांनी घरी माणूस पाठवून आमच्या रेकॉर्ड-प्लेअरला मागून जोडणीही करून दिली.

सोमवारी शाळेतून येताच मी मोठ्या ऐटीत तो पिवळा हेडफोन सासूबाईंच्या कानांवर बसवला आणि रेकॉर्ड लावली. त्यांनी दोन मिनिटं ऐकलं. मग तो काढून माझ्या हातात दिला.

"छान आहे. आता मागाचा आवाज दोन्ही कानांनी सारखा येतोय."

मी लावून पाहिला. खरंच. त्या स्पंजातून जसा तंबोरा आत येत होता, तसे चोवीस मागही आत येत होते. आवाज वाढवला तर गवई ओरडायला लागला. एम. ए. झालेल्या बाईने आखलेल्या रकान्यांत सगळं होतं; आमच्या भिंतीपलीकडचं खातं तेवढं नव्हतं. ट्रंक भिंतीशी अर्धी भरलेली होती.

मी तो हेडफोन घेऊन मागच्या पायरीवर बसले. खात्यातला एक कारागीर पाणी प्यायला बाहेर आला. तो खानदेशचा, अमळनेरकडचा. त्याच्या मुलीला मी रविवारी इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला बाई म्हणे. घरच्यासारखंच अहिराणीत बोले.

"बाई, हाई काय शे?"

मी सगळं सांगितलं. त्याने हेडफोन कानाला लावला, खात्याकडे तोंड करून उभा राहिला आणि हसायला लागला.

"यामा तं मना माग बी आयकू येस! तुम्ही दुकानमा कसा आयका?"

"दार लावून."

"दुकानमा तं समदंच गोड लागस, बाई. जठे वापरनं शे, तठे आयका. खातामा आना."

या माणसाच्या कानाबद्दल मला आदर होता. चोवीस मागांच्या दणक्यात एका मागावरचा धागा तुटला की हा पाठमोरा असला तरी वळत असे. कसं कळतं, असं मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाला होता, "मी मागले नही आयकस. मी धागाले आयकस."

"पण विकत घेतलेली वस्तू दुकानदार परत घेईल? आणि तिन्ही घरी कसे देईल?"

"जांगड मांगा ना! सुरतमा जांगड मांगाले कसानी लाज?"

जांगड म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल. सुरतेत व्यापारी एकमेकांना माल नुसत्या चिठ्ठीवर नेऊ देतात. पसंत पडला तर ठेवायचा, नाही तर जसाच्या तसा परत. साड्यांचे गठ्ठे असे जातात, हिरेसुद्धा जातात. इतकी वर्षं मी त्या शहरात राहत होते, पण वस्तू दुकानातच पारखायची आणि मग बोलायचं नाही, ही पुस्तकी शिस्त माझ्या अंगात इतकी भिनलेली, की जांगड मागावं हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी पिवळा हेडफोन घेऊन दुकानात गेले. काका मात्र जरा गडबडले. "बेन, जांगड तो साडीनुं होय, हीरानुं होय. आनुं जांगड?"

"का? हिऱ्यावर विश्वास ठेवता आणि मास्तरणीवर नाही?"

ते हसले. "घेर कोण पास करशे?"

"माझ्या सासूबाई."

"सासु?" त्यांनी लगेच चिठ्ठीवही पुढे ओढली. "सासु पास करे तो ज साचुं!" चिठ्ठीवर लिहिलं, तीन नग, तीन दिवस.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली. रेकॉर्ड-प्लेअर उचलून खात्यात नेला आणि सुताच्या कांड्यांच्या खोक्यावर, खाली गोधडीची जाड घडी घालून, मांडला. खात्याचा शेठ जेवायला घरी जाई ती वेळ कारागिरानेच सांगितली होती. सासूबाई यायला तयार नव्हत्या.

"मी? त्या खात्यात? लोक काय म्हणतील?"

"ऐकू आलं तर ना! सांगलीला जायच्या आधी मला फक्त अर्धा तास द्या, आई."

त्या आल्या. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, नाकपुड्या फुगलेल्या. आत आवाज असा की पायाखालची फरशी थरथरत होती. मी नवीन पान उघडलं आणि पेन्सिलीने फक्त एक रकाना आखला: इथे.

लष्करी हेडफोनमध्ये गवयाचे ओठ हलताहेत एवढाच भास. पिवळ्यात माग आणि गवई यांची कुस्ती, आणि गवई खाली. मग मी तो जड, बंद, उलट्या वाट्यांसारखा हेडफोन चढवला, ज्याला दुकानात मी सहा गुण देऊन ओळीत मधे बसवलं होतं. माग एकदम दूर गेले. बंद झाले नाहीत, पण कुणी तरी त्यांना उचलून पलीकडच्या गल्लीत नेऊन ठेवलं. आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत तंबोरा सुरू झाला, चारी तारा वेगवेगळ्या.

मी तो काढला, सुई परत सुरुवातीला ठेवली आणि हेडफोन सासूबाईंच्या अंबाड्यावरून नीट खाली बसवला.

त्यांनी हात वर केला, मला थांबवायला. मग तो हात तसाच राहिला. डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट मांडीवर फिरू लागलं, एक, दोन, तीन, चार, तारा छेडाव्यात तसं. आणि एकाएकी त्यांनी डोळे उघडले आणि चोवीस मागांवरून ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडल्या,

"अगं, ह्यांचा खर्ज उतरलाय!"

जवळच्या दोन-तीन कारागिरांनी माना वळवल्या. कानांवर हेडफोन असल्यामुळे आपण किती मोठ्याने बोलतोय याचा सासूबाईंना पत्ता नव्हता.

"इतकी वर्षं ऐकते ही रेकॉर्ड! एवढा मोठा गवई आणि खर्जाची तार उतरलेली! आज कळलं!" दुसऱ्याची चोरी पकडल्यासारखा त्यांना आनंद झाला होता.

मग गवयाने पहिला षड्ज लावला आणि माझ्या सासूबाई त्याच्यात मिसळल्या. मला त्यांचे ओठ दिसत होते, गळ्याची शीर दिसत होती. ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. मी वाकून कान पुढे केला तरी मागच. पण तिकडे पाठ करून धागा जोडत असलेला आमचा कारागीर सावकाश वळला, सासूबाईंकडे पाहत राहिला, आणि माझ्याजवळ येऊन कानाशी ओरडला,

"माय सूरमा शे, बाई!"

मी पेन्सिलीने त्या एकुलत्या रकान्यात दहा लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या. शाळेत मी कुणालाच दहापैकी दहा देत नसे.

उरलेले दोन हेडफोन मी दुसऱ्याच दिवशी परत केले. काकांनी जांगडची चिठ्ठी फाडता फाडता विचारलं, "सासु पास?" मी म्हटलं, "पहिल्या वर्गात." तो जड हेडफोन आता इतरांनाही सुचवा, असं मी त्यांना सांगितलं, आणि कुणालाही दार लावून ऐकवू नका, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली; पुढे ते पाळलं की नाही मला माहीत नाही.

तेव्हा बाळा, तुझ्या यादीतले अकराच्या अकरा घरी मागव. परत करता येतात म्हणतेस, म्हणजे आता सगळं जगच जांगड देतं. तू जिथे बसून ऐकणार, रस्त्याकडेच्या त्या खोलीत, खिडकी उघडी असते तशीच ठेवून, प्रत्येकात आधी नुसता तंबोरा ऐक. चारी तारा मोजता आल्या नाहीत तर कितीही तारे असोत, परत पाठव.

मे महिन्यात सासूबाईंचे भाऊ ठरल्याप्रमाणे आले. तंबोऱ्यावरची गवसणी त्याआधीच निघाली होती, आणि दुपारी त्या हेडफोन लावून गाऊ लागल्या की आपण किती जोरात गातोय हे न कळल्यामुळे मागांच्या वरताण त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. भाऊ तो ऐकून दारातच थांबले. नंतर चहा पिताना त्यांनी ट्रंकेबद्दल विचारलं.

"ती आता नाही हलवता येणार," सासूबाई म्हणाल्या. "तिच्यावर रेकॉर्ड-प्लेअर ठेवलाय. उंची अगदी बरोबर आहे."