वर आलेल्या शिंपल्या

ओहोटी लागली की शिंपलेवालीचा पाय घरात ठरत नसे. गुडघे कितीही कुरकुरोत, टोपली काखेत मारून ती खाडीच्या चिखलात उतरायची, आणि मागून तोंडाचा पट्टा चालवत तिची जाऊ. टाच आपटायची, पाण्याची पिचकारी उडाली की तिथं बोटं खुपसायची, ही विद्या सासूची. सासूचा एक दंडकही होता. उकरून काढलेली शिंपली बाजारात न्यावी, पण खाडीनं आपणहून वर ठेवलेली विकू नये, ती घरच्या लेकराबाळांची. अशा शिंपल्या वादळानंतर कधीतरी मूठभर मिळत, तेवढंच.

खाडीच्या वरच्या अंगाला कारखान्याचा पाइप आला, काठची खारफुटी तोडून रस्ता झाला, तेव्हा दोघींनी चार शिव्या हासडल्या आणि पुन्हा टोपल्या उचलल्या. पोट कुणाला चुकलंय?

त्या सकाळी चिखलावर जिकडे तिकडे शिंपल्याच शिंपल्या. उकरायचं कामच नाही. दोघी हरखल्या. घरी लेक पोटुशी, आठवा महिना, आणि कधीपासून तिचा एकच धोशा, शिंपल्यांचा रस्सा हवा. जाऊ भरली टोपली घेऊन पुढं गेली. भांडं चढवते म्हणाली.

शिंपलेवाली मागं राहिली, दुसरी टोपली भरत. बऱ्याच वेळानं तिला जाणवलं, खाडी गप्प आहे. चिखलाची नेहमीची चुटचुट नाही, बगळा नाही, टिटवी नाही. पायाला काहीतरी लागलं. खेकडा. नांगी न मारता तो तिच्या पोटरीवरून वर चढत होता. त्याच्यामागून दुसरा, मग चिखलातून निघून सगळेच तिच्याकडे. चढायला झाड उरलं नव्हतं. उभी अशी ती एकटीच होती. एक तर कमरेशी येऊन घाबरलेल्या पोरासारखा नुसता चिकटून बसला.

तिला खेकड्यांची भीती वाटली नाही. वरून पाण्यात काय सोडलं होतं देव जाणे, पण पाय असलेले त्यापासून पळत होते, आणि पाय नसलेल्या शिंपल्या नुसत्याच वर येऊन पडल्या होत्या. हे ध्यानात आलं, घरी चुलीवर चढलेलं भांडं आठवलं, आणि टोपली तिथंच टाकून ती वळली.

चिखल पाय सोडेना. खेकडे झटकत, पडत-उठत ती घरी पोचली. लेक स्वयंपाकघरात बोटं चाटत बसली होती.

“ये, तुझ्यासाठी ठेवल्यात,” लेक म्हणाली. “काकू सगळ्या मलाच वाढत होती. म्हटलं, आईचा वाटा काढ आधी.”

शिंपलेवालीनं लेकीची मान धरली आणि चिखलानं भरलेली बोटं तिच्या घशात घातली.