सासऱ्यांची दमणी

महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि नव्या राज्यात जो तो काहीतरी सुरू करत होता. चिखलीच्या आमच्या क्रीडा मंडळाने मॅरेथॉन सुरू केली. मंडळाचे अध्यक्ष वकील. त्यांनी उभ्या आयुष्यात पळताना पाहिले होते ते फक्त स्वतःचे पक्षकार. दिवसा ऊन सोसवत नाही म्हणून शर्यत रात्रीची ठरली. एसटीने देऊळगाव राजाला जायचं आणि पळत चिखलीला परत यायचं. सगळं अंतर पायी पुरं करील त्याला पितळेचा बिल्ला मिळणार होता.

मी शाळेत मास्तर, अंगाने पाप्याचं पितर. नाव दिलं तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “तुम्ही फळ्यापासून खिडकीपर्यंत जाता तेच पुष्कळ आहे!” सगळे शिक्षक खो खो हसले. मला भयंकर राग आला. तो बिल्ला छातीवर लावून या माणसासमोर उभं राहायचं, एवढंच मग डोक्यात राहिलं.

अडचण अशी की माझी सासुरवाडी नेमकी त्याच रस्त्यावर. सासरे मोठे जमीनदार. त्यांना बातमी आधीच लागली होती. मी धापा टाकत पोचलो तर ते कंदील घेऊन फाट्यावर हजर. अर्ध्या चड्डीतला जावई पाहून त्यांनी आधी मान फिरवली.

“जवाईबापू, हे काय करून राह्यले? लोक म्हणतीन, सासऱ्याच्या घरी गाडी नाही!”

शेजारी दमणी जुंपून तयार होती. पाहुण्यांची हलकी बैलगाडी ती, आत गादी, तक्क्या, वर नवी धोतरजोडी. मला पळायचंय, मी म्हणालो. पण आमच्याकडे जावयाचा नकार म्हणजे आणखी आग्रह करायची परवानगी. मी हात जोडून पळत सुटलो, तशी त्यांनी दमणी माझ्यामागे सोडली.

मग चिखलीपर्यंत ती मागेच. गाडीवान काकुळतीला आलेला. “बसा ना, बापू! मालक माह्यावर खेकसतीन!” बैल आपले चालत होते, मी पळत होतो, आणि तरी आमच्यातलं अंतर वाढत नव्हतं. यावरून माझ्या वेगाची कल्पना यावी. टाचा सोलवटल्या, पोटऱ्यांत गोळे आले, मागची गादी डोळ्यांपुढून हलेना. पण बसलो नाही. शेवटचं वळण घेतलं आणि समोर मंडळाची दोरी दिसली तेव्हा मला खरोखर रडू आलं.

अध्यक्षांनी मला पाहिलं. मग माझ्यामागची दमणी पाहिली.

“वा, मास्तर! या वळणापर्यंत झोप झाली वाटतं?”

मी शपथा घेतल्या. हेडमास्तर पोट धरून हसत होते. गाडीवानाला विचारलं तर तो म्हणाला, “मले नका विचारू, मालकाले विचारा.” मालक सकाळच्या एसटीने आलेच, द्यायची राहिलेली धोतरजोडी नेसवायला. अध्यक्ष म्हणाले, एवढा मोठा माणूस, यांचा शब्द शेवटचा. मी निर्धास्त झालो. त्यांनी तर मला स्वतःच्या डोळ्यांनी पळताना पाहिलं होतं.

सासऱ्यांनी जमलेल्या लोकांवर नजर फिरवली, फेटा सारखा केला.

“आमचे जवाई पायी येतीन? काऊन? आमच्या घरी काय बैल मेले? गादीवर बसून आले ते.”

बिल्ला गेला. धोतरजोडी तेवढी मिळाली.

घरी बायको माझ्या पायांना तेल लावायला बसली. तळव्यांवरचे फोड तिने एकेक करून पाहिले.

“बाबा तं म्हणत होते, दमणीत बसून आले. मंग हे काय?”

“गादी टोचली,” मी म्हणालो.

ती वडिलांचीच लेक. तिने मान डोलावली आणि म्हणाली, “बाबाले सांगते, कापूस बदलून घ्या.”