पेट्रोलची रबरी नळी

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. शिकते इतिहास, पण बाबांना त्याच्याशी काही देणंघेणं नाही. काहीही अडलं की ते म्हणतात, "तिला विचारा, ती कॉलेजात जाते." आणि मला "माहीत नाही" म्हणायची लाज वाटायची.

बाबा रेल्वेत आहेत. बदली झाल्यावर भुसावळहून जयपूरला आम्ही आलो ते त्यांच्या जुन्या गाडीतूनच. एकदा त्यांनी विचारलं, "पेट्रोलमध्ये आता इथेनॉल जास्त घालतात म्हणे. आपल्या गाडीला चालेल का?" मी मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि सांगून टाकलं, "जुनी इंजिनं खराब होतात. शक्यतो गाडी काढूच नका."

बाबांनी माझा शब्द मानला. शास्त्री नगरातल्या घराखाली गाडी दोन महिने झाकून उभी राहिली आणि ते सायकलने कामावर गेले. मग एक दिवस चालू करून पाहिली, तर आचके देऊन बंद पडली. पेट्रोलचा वासही यायला लागला.

"तू म्हणालीस तसंच झालं," बाबा म्हणाले. गाडी विकायचीच असं ठरवून, येत्या रविवारी ती बघायला त्यांनी दलालाला बोलावलं. आईचा हातपंखा पुढच्या सीटच्या खिशात असायचा, तो घरात आणून ठेवला. तो पाहून मी मिस्त्री शोधायला लागले.

शनिवारी मी विश्वकर्मा भागातल्या एका मिस्त्रीला घरी घेऊन आले. त्याने बॉनेट उघडलं आणि एक रबरी नळी दाबून दाखवली. ती मऊ पडून चिरली होती.

"इंजिन ठीक है, बाबूजी. पाइप पुराना था, इस पेट्रोल में गल गया. पर गाड़ी खड़ी क्यों रखी? खड़ी गाड़ी की टंकी में यह पेट्रोल पानी पकड़ता है. किसने बोला था?"

मीच म्हणाले, "मैंने."

"तो अब चलाओ," तो हसला. "एवरेज थोड़ा कम देगी, बस."

टाकीतलं पेट्रोल काढून थोडं ताजं घातलं, नवी नळी बसली, आणि दुसऱ्याच झटक्यात गाडी सुरू झाली. बाबांनी तिथूनच दलालाला नको म्हणून कळवलं. आईने पंखा परत खिशात सरकवला.

संध्याकाळी पंपावर बाबांनी विचारलं, "टायरमध्ये हवा किती भरायची गं?"

"माहीत नाही, बाबा. विचारून येते."

"मग कॉलेजात शिकवतात काय?" ते म्हणाले, आणि मी गाडीतून उतरेपर्यंत ते हसत राहिले.