रिकाम्या खोलीचं दार वाजवणारी बाई

खोली तयार झाली असं कुणी सांगितलं, की ती चपला दाराबाहेर काढायची, आत जायची आणि नुकत्याच लावलेल्या पलंगावर सरळ आडवी व्हायची. हात पोटावर, नजर छताला. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग पडल्यापडल्याच सांगायची, "पंख्याच्या पात्यावर धूळ हाय. नळ गळतोय, ऐकू येतंय. आणि ह्या फटीतनं बरोब्बर डोळ्यांवर ऊन येतंय." मग उठायची, चादर परत ताणून घ्यायची आणि शिकाऊ पोरीला म्हणायची, "आधी आडवी हो गं, मग सांग खोली झाली म्हणून."

आपण ज्या पलंगावर झोपणार, त्यावर आधी कुणी पडून गेलंय हे तुम्हाला कळलं, तर तुम्हाला कसंसंच होईल. मलाही झालं होतं. माझ्या लॉजात तिला पहिल्यांदा अशी पसरलेली पाहिली तेव्हा मी दारातूनच ओरडले होते, "खाला, पाव्हण्यांची गादी हाय ती."

"म्हणूनच," ती छताकडे बघत म्हणाली.

सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे, म्हणून मीही म्हणायचे. साठी उलटलेली, ठेंगणी बाई. ओढणीचं टोक कमरेला खोचलेलं, खांद्यावर एक कोरडं फडकं. माथेरानच्या एका जुन्या हॉटेलात तिनं तीस वर्षं खोल्या लावल्या. गुडघे बोलायला लागले तेव्हा डोंगर उतरली आणि कर्जतजवळच्या एका मोठ्या रिसॉर्टात नव्या पोरापोरींना काम शिकवायला लागली.

तिची दुसरी खोड दार वाजवण्याची. रिकाम्या खोलीचंही. तीन टकटका, मग थांबायची, कान द्यायची, मग किल्ली लावायची. "आत काय भूत हाय?" मी एकदा विचारलं.

"नसंल. पन हाताला सवय पायजे. भरल्या खोलीत चुकून शिरलं तर पाव्हण्याची लाज जाते, बाय, आनि आपली नोकरी."

आता माझं सांगते, नाहीतर मी तिच्यावर का चिडले ते तुम्हाला कळायचं नाही. चौक-कर्जत रस्त्याला आमचा लॉज आहे. चार खोल्या आणि जेवण. 'आमचा' म्हणते, पण उभा मी केला. याच रस्त्यावर उकडलेली कणसं विकली, मग भाकरी आणि पिठलं, मग चिकनची थाळी, मग एकेक करून खोल्या. सिमेंटवाल्यापासून चादरवाल्यापर्यंत कुणीही मला पहिल्या भावात काही विकलेलं नाही. तोंड खराब आहे माझं, पण त्या तोंडावरच चार खोल्या उभ्या आहेत.

माझ्या वैजूनं बारावीची परीक्षा दिली आणि पुण्याच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजात जायचं म्हणाली, तेव्हा मला वाटलं हे माझ्याकडून आलं. दुसऱ्या कुणाकडून येणार?

"मुलाखत घेतात तिथं," ती म्हणाली. "कामाचा अनुभव विचारतात. कुठं केलं, काय केलं, कुणाच्या हाताखाली केलं. पत्र लागतं."

"त्यात काय. मी देते पत्र."

"आई, आईनं दिलेलं पत्र कोण मानतंय गं?"

ती काही वाईट बोलली नव्हती, ते मला तेव्हाही कळत होतं. पण चार खोल्यांची मालकीण असून आपल्या शब्दाला आपल्याच पोरीच्या कामात किंमत नाही, हे मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं.

ती त्या रिसॉर्टात जायला लागली. दोन महिने काम, मग पत्र, असं ठरलं होतं. पगार नाही, दुपारचं जेवण. रोज संध्याकाळी घरी आली की सुरू: खाला म्हणतात उशी आपटायची नाही, दाबायची. खाला म्हणतात टॉवेलचा वास घेतल्याशिवाय ठेवायचा नाही. खाला म्हणतात बाथरूममधून निघताना मागे वळून बघायचं. आमच्या घरात देवाचं नाव इतक्या वेळा घेत नाहीत. एकदा मी स्वयंपाकघरात भात वेळत होते, तर पोरगी आमच्याच झोपायच्या खोलीचं दार वाजवत उभी. आत कुणी नव्हतं. "तुझा बाप कामावर गेलाय, मी हितं हाय," मी म्हटलं, "आता काय पाटी लावू?"

महिनाभरानं रिसॉर्टच्या मालकानं नवीन बांधकाम काढलं आणि खोल्या बंद केल्या. शिकाऊ पोरांना सांगितलं, घरी जा. अर्ध्या कामाचं पत्र मिळालं नाही. मुलाखतीला पाच आठवडे उरले होते. दुसऱ्या दिवशी वैजू माझ्या काउंटरसमोर उभी, आणि तिच्या बाजूला ही.

"राहिलेले चार आठवडे हितं करू दे तिला," खाला म्हणाली. "मी शिकवीन. पत्र तुझ्या लॉजचं, मालकीण तू. तिनं काम माझ्या हाताखाली केलं असं लिही, म्हंजे ते घरचं वाटायचं नाय."

"आनि तुमी काय घेनार?"

"दुपारचा भात. पाचच्या आत मला कर्जतच्या रिक्षात बसवून दे."

फुकट काम करणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. त्याच्याशी भाव करता येत नाही. मी तिला सरळ तसं सांगितलं. तिनं थोडा विचार केला, चारही खोल्यांतून जाऊन आली, प्रत्येक पलंगावर पडून आली, आणि म्हणाली, "मग दोन नंबर आनि तीन नंबरच्या गाद्या बदल. त्यांच्यावर कुनीतरी आधीच झोपलंय."

त्या गाद्या मी बंद पडलेल्या एका हॉटेलातून उचलल्या होत्या. त्या सौद्याचा मला फार अभिमान होता, आणि ते ह्या बाईला पाठीनं कळलं. मी एकच बदलीन म्हणाले. ती दोन म्हणाली. मी एक आणि उशा म्हणाले. ती दोन म्हणाली. अर्धा तास ती फक्त दोन म्हणत राहिली. गाद्या आल्या, दोन.

त्या चार आठवड्यांत माझ्या लॉजाचं काय झालं ते सांगायला माझी जीभ वळत नाही, पण सांगते. पाव्हणे जाताना विचारायला लागले, खोल्या कोण लावतं? आठ वर्षं मी त्यांना जेवू घालत होते, जेवणाबद्दल एवढं कुणी विचारलं नव्हतं. भांडी घासणारी बाईसुद्धा स्वयंपाकघराचं दार वाजवून आत यायला लागली. वैजू चहा करायची आणि पहिला कप खालाला न्यायची. "त्या लांबून येतात गं," म्हणायची. मी काय शेजारून येत होते?

एक दुपार मला विसरता येत नाही. मी टॉवेल घेऊन तीन नंबरला गेले. दार अर्धं उघडं होतं. पलंगावर दोघी शेजारी शेजारी आडव्या, हात पोटावर, नजर छताला. कुणी बोलत नव्हतं. मग वैजू म्हणाली, "ट्यूबलाइटच्या मागे कोळ्याचं जाळं हाय." खाला म्हणाली, "अजून बघ." मी टॉवेल तसेच घेऊन मागे फिरले. पोरगी लहान होती तेव्हा तिच्याशेजारी मी इतका वेळ कधी पडले होते, ते आठवायला लागले. आठवलं नाही. पडले असते तर चुलीपुढे कोण उभं राहिलं असतं?

मुलाखतीच्या पंधरा दिवस आधी आम्ही ओसरीवर तालीम घेतली. मी परीक्षक म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर, वैजू समोर उभी, खाला पायरीवर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती.

"ह्या लाइनीत का यायचंय?" मी विचारलं.

वैजूनं हात मागे घेतले. "कारण पाहुणा खोलीत पहिल्यांदा आडवा होतो, तेव्हा त्याला जे दिसतं ते कुणीतरी आधी बघितलेलं असावं, असं मला वाटतं."

"हे कुनी शिकवलं?"

"खालांनी."

"आनि घरी काय शिकलीस?"

तिनं खालाकडे बघितलं. उत्तरासाठी माझी पोरगी माझ्याकडे न बघता त्या पायरीकडे बघत होती. मग म्हणाली, "घरी... मेहनत."

मेहनत. ते काय, बैलही करतो. माझं डोकं फिरलं. पण मी पोरीला काही बोलले नाही, पायरीकडे वळले. मला एक गोष्ट माहीत होती. खालाची एक मुलगी पेणला दिलेली होती, आणि ती लहानाची मोठी आजीकडे झाली होती, कारण आई माथेरानला हॉटेलातच राहायची, महिन्यातून दोनदा खाली उतरायची. हे तिनंच मला भात खाताना सांगितलं होतं. मी तेच उचललं.

"स्वतःच्या पोरीची कधी वेनी घातलीत काय, खाला? ती सोडलीत दुसऱ्याच्या पदरात, आनि आता माझी घडवताय."

वैजू "आई" म्हणाली.

खालानं हातातली घडी पुरी केली. टॉवेल बाकीच्यांवर ठेवला, कडा जुळवल्या. "नाय घातली," ती म्हणाली. घड्याळ बघितलं, चपला घातल्या आणि रिक्षा पकडायला गेली.

मला वाटलं सुटले. खरंच तसं वाटलं, खोटं कशाला सांगू. आता ती येणार नाही, पोरगी दोन दिवस रडेल, मग माझ्याकडेच येईल.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता एक नंबरच्या दारावर तीन टकटका ऐकू आल्या. मी बाहेर गेले. खाला म्हणाली, "कामाचे आठ दिस बाकी हायत." एवढंच. जेवायला बसली तेव्हा मी तिच्या पानात भात जास्त वाढला. तिनं जेवढा रोज खायची तेवढाच खाल्ला. माफी मागायची माझी पद्धत ती, पण तिला ती दिसली की नाही मला माहीत नाही. तोंडानं मी मागितली नाही.

पत्र वैजूनं इंग्रजीत टाइप केलं आणि चौक गावातून छापून आणलं. कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, तिथं जागा मोकळी होती, मालकीणबाईंनी हातानं भरायची. ते पत्र मी दोन दिवस कपाटात ठेवलं. वैजू विचारायची नाही, नुसती कपाटाकडे बघायची. एकदा पेन उघडून माझं स्वतःचं नाव लिहायला घेतलं होतं. पण मी बाजारात वाढलेली बाई आहे. एका बाजूला माथेरानची तीस वर्षं आणि दुसऱ्या बाजूला आईचं नाव, यातल्या कशाला गिऱ्हाईक मिळेल, हे मला कितीही राग आला तरी कळतं. मी उठले आणि खालाला तिचं पूर्ण नाव विचारलं. चार आठवडे माझ्या घरात जेवत होती, आणि मला ते माहीत नव्हतं. तिनं सांगितलं, मी लिहिलं, आणि खाली लॉजचा शिक्का असा आपटला की शाई पसरली.

तिनं कागद लांब धरून बघितला. "शिक्का वाकडा हाय. दुसरा कागद घे."

म्हणजे तिचं नाव मला दोनदा लिहावं लागलं.

मुलाखतीला मी पुण्याला गेले, बाहेर बाकावर बसले. वैजू बाहेर आली तेव्हा हसत होती. परीक्षकांनी पलंगावर आडवं होण्याचंच विचारलं म्हणे, परत परत. त्यातल्या एका बाईंनी ते लिहून घेतलं.

"माझ्याबद्दल काय विचारलं?"

"विचारलं ना. घरचा व्यवसाय काय."

"मग?"

"सांगितलं, लॉज आहे."

प्रवेश मिळाल्याचा मेसेज आला तेव्हा मी तिच्यापासून दोन हातांवर भाकऱ्या थापत होते. तिनं मोबाइल वाचला, ओरडली, आणि मी पिठाचे हात पुसेपर्यंत फोन लावला होता. "खाला," ती म्हणत होती, "झालं."

ती निघाली त्या सकाळी चौक फाट्यावर आम्ही दोघीच होतो. तिचा बाप बॅगा उतरवून टेंपो घेऊन कामावर गेला होता. मी मुद्दाम लवकर काढलं होतं तिला, बोलायला वेळ मिळावा म्हणून. पण ती कर्जतकडून येणारी प्रत्येक रिक्षा बघत होती.

"येनार हायत काय त्या?" मी शेवटी विचारलं.

"नाही म्हणाल्या. म्हणाल्या, आई असंल तिथं माझं काय काम." मग म्हणाली, "आज पेणला चालल्यात, मुलीकडे. तिथंच राहणारेत आता."

म्हणजे फाटा सगळा माझा होता. बॅग माझ्या हातात, पोरगी माझ्याशेजारी, मध्ये कुणी नाही. मी तिला सांगायला लागले: भाव केल्याशिवाय काही घ्यायचं नाही, मेसमध्ये पोटभर जेवायचं, कुणी बोललं तर ऐकून घ्यायचं नाही. ती हो, हो म्हणत होती, आणि माझ्या खांद्यावरून रस्ता बघत होती. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की बोलता बोलता मीही तिकडेच बघतेय.

बस आली. वैजू पाया पडली, चढली, खिडकीची जागा मिळाली तिला. तेवढ्यात माझ्या मागे रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी वळले. दुधाचे दोन कॅन उतरले, आणि त्यांच्यामागून दूधवाला.

परत पुढे बघितलं तेव्हा बस खोपोलीच्या दिशेनं सुटली होती, आणि खिडकीतून बाहेर आलेला हात आत जात होता.