नववी पोर

शेठाणीबाईंनी माझे पाय धुतले, कुंकू लावलं आणि मग माझा उजवा हात पाहिला.

"हा हात फ्रॉकमंदी झाक. देवीपुढं असं चालत नाई."

पुलगाव, आणीबाणीचं साल. नवरात्राच्या नवमीला शेठजींच्या घरी नऊ कुमारिका जेवत. मी त्यांच्या भांडेवालीची पोर. उन्हाळ्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या चुलीत पडून माझा तळवा भाजला होता. जखम भरली, पण कातडी लालभडक, गाठाळ. मी हात झाकला. डाव्या हातानं जेवले. बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मागच्या अंगणात आई भांडी घासत होती. तिनं पाहिलं. पुन्हा घासू लागली.

मग मी हात झाकूनच ठेवला. मूठ करून, फ्रॉकच्या खिशात. शाळेतसुद्धा. आईलाही ते बरंच वाटलं, लोकांच्या नजरेतून पोर सुटली म्हणून. दवाखान्यानं हाताला बांधायला दिलेली फळी कोनाड्यात पडून राहिली. बोटं तळव्याकडे ओढली जाऊ लागली. पेन्सिल धरता येईना.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई आईवर भडकल्या. भाजलेली कातडी आवळते, रोज ताणावी लागते, मूठ अशीच ठेवली तर कायमची मिटेल, म्हणाल्या. तेव्हापासून आई रोज खोबरेल चोळायची आणि एकेक बोट सरळ करायची. मी गुरासारखी ओरडायची. तीही रडायची, पण बोट सोडायची नाही.

पुढच्या नवमीला शेठाणीबाईंचं पुन्हा बोलावणं आलं. एक पोर तापानं पडली होती, नऊ भरत नव्हत्या. अडलं की आम्हीपण देवी! मी पाटावर बसले. हात पत्रावळीशेजारी उघडा ठेवला. बाईंनी रुमाल पुढे केला, बांध म्हणाल्या.

"नाई बांधत," मी म्हटलं. "बांधला त आखडते."

"मंग ऊठ."

उठले. पंगतीत आठच पोरी राहिल्या. आईनं घासती परात खाली ठेवली, हात पदराला पुसले. मला वाटलं, आता मारते.

"चाल," ती म्हणाली. "तुह्या हाताले तेल लावाचं राह्यलं."

त्या घरचं काम तिनं पुन्हा धरलं नाही.

माझी दोन बोटं अजून पुरती सरळ होत नाहीत. एसटीत तिकिटाचे पैसे पुढे केले की कंडक्टरची नजर हातावर अडकते. अडकू दे. हा हात मी पदराखाली घेणार नाही. ज्याला बघवत नाही, त्यानं आपले डोळे झाकावेत.