बाबांचं चालणं

आमचे बाबा व्यायामाच्या बाबतीत फार शिस्तीचे होते. रोज सकाळी सहाच्या ठोक्याला ते चालायला निघत आणि जवळजवळ एक पाऊलही न चालता परत येत.

आम्हाला हे कळलं ते त्यांच्या साखरेमुळे. पांढरे बूट चढवून रोज कोपर स्टेशनपर्यंत जाऊन-येऊनही साखर तसूभर उतरेना. "आता इन्सुलिनच सुरू करू," डॉक्टर म्हणाले आणि बाबांचा चेहरा पडला. (अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारा हा माणूस सुईला मात्र टरकायचा!)

दुसऱ्या दिवशी मी गुपचूप मागे गेले. बाबा गेटबाहेर पडतात न पडतात तोच एक स्कूटर थांबली.

"सर! चालत कुठे? बसा, बसा!"

"अरे, मी सहज आपला..."

"तुम्ही चालणार आणि आम्ही गाडीवरून जाणार? बसा हो!"

सर बसले! उभी हयात डोंबिवलीत गणित शिकवलेलं, त्यामुळे रस्त्यावरची प्रत्येक दुसरी स्कूटर विद्यार्थ्याची. मी रिक्षा करून पाठलाग केला. स्टेशनपाशी एकाने चहा पाजला (साखर घालून!), दुसऱ्याने घरी सोडलं.

"बाबा, नाही म्हणता येत नाही?"

"अगं, इतक्या प्रेमाने म्हणतात पोरं. मन मोडवत नाही."

"मग घ्या टोचून! नाहीतर उद्यापासून मी येते बरोबर."

गेले. पण चौकापर्यंत जाताच मला धाप लागली आणि मी एका दुकानाच्या पायरीवर बसकण मारली. तेवढ्यात स्कूटर आलीच.

"सर, बसा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

"मी चालतो रे. हिला तेवढं घरी सोड."

पोराचं मनही राहिलं आणि बाबांचं चालणंही झालं! मग हेच रोज सुरू झालं. ते चालत, मी स्कूटरवर. साखर उतरली, इन्सुलिन टळलं, आणि बाबा पुढे कितीतरी वर्षं चालत राहिले.

आता बाबा नाहीत. साखर मला आहे आणि त्याच रस्त्याने रोज मी चालते. मागून स्कूटरचा आवाज आला की अजून मान वळते, बाबांची फार आठवण येते. पण माझ्यासाठी एकही स्कूटर थांबत नाही. थांबेल कशी? बँकेच्या खिडकीत बसून मी याच डोंबिवलीला जन्मभर "जेवणानंतर या!" म्हणत आले.

डॉक्टर म्हणतात, माझी साखर अगदी आटोक्यात आहे!